ससून डॉक ते भाऊचा धक्का: मुंबईचा पूर्व किनारा पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

मुंबईत समुद्र पाहायला आलेली मंडळी बहुधा पश्चिमेचा रस्ता धरतात. मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, जुहू. तो समुद्र हवा खायचा. ज्या समुद्रामुळे सात बेटांचं हे शहर झालं, जिथून कापूस परदेशी गेला आणि जिथे कोकणातले चाकरमानी पेट्या-वळकट्या घेऊन उतरले, तो समुद्र पूर्वेला आहे. कुलाब्याच्या ससून डॉकपासून माझगावच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत हा पट्टा पसरलेला आहे. गेटवे ऑफ इंडिया हे त्यातलं केवळ एक ठिकाण. बहुतेक पाहुणे तिथे फोटो काढून परत फिरतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण खरी मुंबई तिथून दोन्ही बाजूंना सुरू होते.

या किनाऱ्याची अडचण अशी, की तो सहजी दिसत नाही. बराचसा भाग नौदलाच्या आणि मुंबई बंदर प्राधिकरणाच्या, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या, उंच भिंतींमागे आहे. या वाटेवर सामान्य माणसाला अगदी पाण्यापर्यंत जाता येतं ते तीन ठिकाणी: ससून डॉक, गेटवेचा परिसर आणि भाऊचा धक्का. चौथी जागा उंचावर आहे, तिथून सगळी गोदी एका नजरेत येते. या चार जागा दक्षिणेकडून उत्तरेकडे जोडत जायचं आणि मधल्या भिंतींमागे काय आहे ते समजून घेत चालायचं, अशी या दिवसाची आखणी आहे.

आधी दिवस नीट ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर गोदीच्या रस्त्यांवर चालणं शिक्षा वाटते, सावली फार कमी आहे. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, म्हणजे ससून डॉकवर मासळीच्या बोटी लागत नाहीत. पावसाळ्यात गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँचही बंद असतात. पावसात यायचंच असेल तर इमारती पाहायला या, बोटीची आशा ठेवू नका.

वारांमध्ये मी शनिवार निवडेन. कचेऱ्यांची गर्दी कमी असते, तरी दुकानं आणि खानावळी बऱ्याचशा उघड्या असतात. रविवारी बॅलार्ड इस्टेटचे रस्ते मोकळे मिळतात, पण गेटवेला पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा.

सोबत काय घ्यायचं? पाण्याला न घाबरणारे बंद बूट, पाण्याची बाटली, टोपी, सुट्टे पैसे आणि सरकारी ओळखपत्र. पाठीवरची पिशवी लहान असू द्या, गेटवेपाशी ती तपासली जाते. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर पाहून ठेवा. त्यांचा उपयोग पुढे भाऊच्या धक्क्यावर होईल. आणि सूर्य इथे समुद्रातून उगवतो, बुडत नाही. चांगला उजेड हवा असेल तर सकाळच गाठावी लागते.

लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी सोबत असतील तर ससून डॉक सोडा, आठ वाजता गेटवेपासूनच सुरुवात करा.

पहाटे पाच-साडेपाच: ससून डॉक

इतक्या पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेटहून टॅक्सी करणं सोपं. "ससून डॉक, कुलाबा" एवढं सांगितलं की पुरे. दाराशी घड्याळाचा मनोरा आहे, तिथेच उतरा.

आत शिरल्यावर पहिली काही मिनिटं काहीच करू नका. भिंतीला लागून एका बाजूला उभे राहा आणि कामाची लय बघा. रात्रभर किंवा कित्येक दिवस समुद्रात राहून आलेले ट्रॉलर एकमेकांना चिकटून लागलेले असतात. बोटीवरचा खलाशी मासळीने भरलेली टोपली वर फेकतो, धक्क्यावरचा माणूस ती झेलतो आणि रिकामी परत टाकतो. बर्फाच्या लाद्या फुटत असतात, हातगाड्या सुसाट धावतात. मधेच चार-पाच जण घोळका करून उभे दिसले तर तिथे लिलाव चाललाय असं समजा. पापलेट, सुरमई, हलवा, बोंबील, माकूल आणि ढिगांनी कोळंबी. शेडच्या कडेला बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात आणि त्यांच्या हातांचा वेग डोळ्यांना पकडता येत नाही.

तुम्ही या लोकांच्या कामाच्या जागी पाहुणे आहात. वाटेच्या मध्ये उभे राहू नका, मागून कुणी ओरडलं की आधी बाजूला व्हा आणि मग वळून बघा. जमीन निसरडी असते. नाकाला रुमाल लावून फिरू नका. ते समोरच्याला दिसतं आणि लागतंही. फोटोंवर इथे पूर्वीपासून निर्बंध आहेत, म्हणून मोठा कॅमेरा असेल तर दाराशी विचारून घ्या. मोबाइलवरही माणसांचा फोटो न विचारता काढू नका. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा होकार मिळतो. नकार मिळाला तर मोबाइल खिशात ठेवा.

मासळी घ्यायची असेल तर लक्षात घ्या की हा घाऊक बाजार आहे, टोपलीच्या हिशेबाने चालणारा. किरकोळ घेणाऱ्यांसाठी कडेला वाटे लावून बसलेल्या कोळणी असतात. दिवसभर पायी फिरायचंय, तेव्हा आज घेऊ नका.

ही गोदी मासळीसाठी बांधलेलीच नव्हती. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातल्या अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी ती १८७५ मध्ये बांधून घेतली, कापसाच्या व्यापारासाठी. त्याआधी मोठी जहाजं दूर नांगरून उभी राहायची आणि माल पडावांतून किनाऱ्यावर यायचा. पश्चिम भारतातली ही पहिली भरपाण्याची गोदी: आत पाणी कायम राहतं आणि जहाज थेट धक्क्याला लागतं. त्याचा फायदा इतका उघड होता की १८७९ मध्ये सरकारने ती विकत घेतली, आणि १८८० मध्ये उत्तरेला पोर्ट ट्रस्टची प्रिन्सेस डॉक सुरू झाली. मोठी जहाजं तिकडे वळली आणि इथे मासळी आली. मुंबई बंदराच्या आधुनिक गोद्यांची सुरुवात या मासळीच्या चिखलात आहे, म्हणून दिवसाची सुरुवात इथूनच करायची.

सातपर्यंत बाहेर पडा. कुलाब्यात इराणी पद्धतीची हॉटेलं अजून टिकून आहेत, तिथे चहा-बनमस्का घ्या. सामिष खाणाऱ्यांनी सकाळचा खिमापाव चुकवू नये.

कॉजवेवरून समुद्राच्या काठी

शहीद भगतसिंग रस्त्याने उत्तरेकडे चालू लागा. हाच कुलाबा कॉजवे. १८३८ मध्ये हा बांध पुरा होण्याआधी कुलाबा वेगळं बेट होतं आणि ओहोटीची वेळ साधून पलीकडे जावं लागायचं. आज दोन्ही बाजूंना कानातल्यांची आणि चपलांची दुकानं आहेत. सकाळी ती बंद असतात, त्यामुळे वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे निवांत पाहता येतात.

सरळ गेटवेपर्यंत जाऊ नका. आर्थर बंदर रोडला उजवीकडे वळा, दोन मिनिटांत समोर समुद्र येतो. तिथून डावीकडे पाण्याच्या काठाने चालत गेटवे गाठायचा. सकाळी इथे चालणारे, कबुतरांना दाणे टाकणारे आणि नांगरलेल्या होड्या, एवढंच असतं. ताजची इमारत हळूहळू जवळ येते. तिच्याकडे येण्याची हीच खरी वाट.

गेटवे, ताज आणि बोट

१९११ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज इथे उतरला, पण तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी ३१ मार्च १९१३ ला झाली, काम संपून उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून ९ जानेवारी १९१५ ला याच अपोलो बंदरावर उतरले तेव्हाही कमान कागदावर आणि पायातच होती. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, याच कमानीतून निघून गेली. राजाच्या स्वागतासाठी उभारलेली वास्तू पुरी झाल्यावर पंचवीस वर्षांच्या आत त्याच्या सैन्याने तिच्यातूनच निरोप घेतला.

वास्तुकार जॉर्ज विटेट. हे नाव ध्यानात ठेवा, दिवसभरात ते पुन्हा येणार आहे. कमान पिवळसर बेसॉल्टची आहे आणि तिची घडण सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींवरून घेतलेली. समोर बागेत अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ ला बसवलेला.

ताजबद्दल वाटाडे एक गोष्ट हमखास सांगतात: जमशेटजी टाटांना गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला आणि त्यांनी सूड म्हणून हे बांधलं. या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. पक्की गोष्ट ही, की हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं आणि त्याच्या मूळ आराखड्यावर सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुकाराचं नाव आहे. त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा होते आणि वैद्यांच्या मृत्यूनंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केलं. घुमटाकडे बघताना वैद्यांची आठवण जरूर काढा, ती फार थोडे लोक काढतात.

आता बोटीचा प्रश्न. घारापुरीला जायला साधारण एक तास, यायला एक तास, वर पायऱ्या आणि लेणी. त्याला वेगळा दिवस द्या. आज तिथे गेलात तर बाकीचा किनारा बुडाला. पण गेटवेहून बंदरात छोटी फेरी मारून आणणाऱ्या लाँच असतात, ती फेरी मात्र घ्याच. रस्त्यावरून फक्त भिंत दिसणारी नौदलाची गोदी समुद्राच्या बाजूने काही अंशी दिसते. क्रेन आणि नांगरलेली जहाजं पाहिली की हे बंदर केवढं आहे ते कळतं. तिकीट खिडकीवरच काढा, रस्त्यात मागे लागणाऱ्यांकडून नको. युद्धनौकांचे फोटो काढू नका. आणि जीवरक्षक जॅकेट चढवल्याशिवाय लाँच सुटू देऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला याच पाण्यात नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. जॅकेट मागायला संकोच करण्याचं कारण नाही.

स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या. पुढे बॅलार्ड इस्टेटपर्यंत बरी सोय सापडेलच असं नाही.

लायन गेट: भिंतीमागची गोदी

गेटवेहून रीगल सिनेमाच्या चौकात या. चौकातली जुनी सेलर्स होम, म्हणजे खलाशांची धर्मशाळा, आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. मधल्या काळात राज्याचं विधिमंडळही तिथेच भरायचं. पलीकडचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय विटेटचंच. त्यात शिरलात तर तीन तास जातील, म्हणून आज बाहेरूनच नमस्कार.

इथून शहीद भगतसिंग रस्ता पुन्हा धरा. उजव्या हाताला लांबच लांब दगडी भिंत सुरू होते आणि लायन गेट लागतं. आत नौदल आहे, जाता येत नाही, फोटोही काढू नका. पण दोन मिनिटं थांबा, कारण या भिंतीमागे मुंबईचा सगळ्यात जुना कारखाना आहे. सुरतेहून आलेले पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३६ च्या सुमारास इथे जहाजबांधणीला सुरुवात केली. १७५० मध्ये इथे कोरडी गोदी, म्हणजे जहाज आत घेऊन पाणी काढून टाकायची गोदी झाली, आशियातली पहिली. मलबारच्या सागवानातून वाडियांच्या पिढ्यांनी इंग्रजांसाठी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत पाहायला मिळते. १८१३ ची 'कॉर्नवॉलिस'ही इथलीच. तिच्यावर १८४२ मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं ते ज्या तहाने, त्याचा कागद मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या जहाजावर पुरा झाला.

थोडं पुढे, टाउन हॉलच्या मागच्या अंगाला जुना किल्ला आणि कॅसल बॅरॅक्स. तोही भाग नौदलाकडे आहे आणि त्या तळाचं आजचं नाव आहे 'आयएनएस आंग्रे'. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या धाकाने ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची झोप उडाली होती, ज्यांच्या काळात गव्हर्नर चार्ल्स बूनने मुंबईभोवती तट उभारला, त्यांचंच नाव कंपनीच्या किल्ल्याला लागलं आहे. मला या संपूर्ण वाटेवर याहून समाधानाची गोष्ट दुसरी वाटत नाही. १९४६ चा नाविकांचा उठावही याच भिंतीआड पेटला. १८ फेब्रुवारीला 'तलवार' या कुलाब्याच्या तळावर खलाशांनी काम बंद केलं आणि २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सभोवती गोळीबार झाला. त्या दिवसांत मुंबईच्या लोकांनी गेटवेपाशी नाविकांसाठी खाण्याचे पदार्थ आणून दिले होते आणि कामगार वस्त्यांतली माणसं रस्त्यावर गोळ्यांना बळी पडली.

टाउन हॉलच्या पायऱ्या

एशियाटिक सोसायटीची इमारत, म्हणजे १८३३ चा टाउन हॉल. तीस पायऱ्या आहेत, त्यांवर बसून पाय मोकळे करा. समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं. निर्यातीच्या कापसाचे ढीग तिथे पडायचे. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला, मग शिवडीकडे. हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्टेशनाचं नाव त्यातूनच आलं. आत जाता आलं तर जगन्नाथ शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा बघा. दाराशी विचारून घ्या, वाचनालय आहे, हळू बोला.

समोरच सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ चं. चर्चगेट हे नाव याच चर्चवरून, आणि मुंबईतले जुने मैलाचे दगड इथूनच मोजलेले.

कुणाला पहाटेचा भाग नको असेल आणि फक्त फोर्ट बघायचा असेल तर मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन जवळ पडतं.

बॅलार्ड इस्टेट: जिथे पाणी होतं तिथे

टाउन हॉलहून पंधरा मिनिटांत बॅलार्ड इस्टेट. या पायांखालच्या जमिनीवर १९०८ च्या आधी समुद्र होता. पोर्ट ट्रस्ट अलेक्झांड्रा डॉक खणत होता, आजची इंदिरा डॉक. त्या खोदाईतून निघालेल्या माती-दगडाने शेजारचं पाणी भरून काढलं आणि त्यावर ही वसाहत उठली. एका खड्ड्यातून गोदी आणि गावठाण दोन्ही निघालं, असं म्हणायला हरकत नाही. १९१४ पर्यंत काम बहुतेक झालं. नाव दिलं ते पोर्ट ट्रस्टच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या कर्नल जे. ए. बॅलार्ड यांचं. पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ मध्ये.

आराखड्याचा सल्लागार पुन्हा विटेट, पण इथला विटेट अगदी वेगळा आहे. गेटवेत गुजरात, वस्तुसंग्रहालयात विजापूरचा घुमट, आणि इथे लंडनच्या व्यापारी पेठेसारखे सरळ, दगडी, एका उंचीचे दर्शनी भाग. चौकात उभे राहून छज्ज्यांच्या रेषा इमारतीमागून इमारत कशा जुळत जातात ते बघा. एका मालकाला आपली इमारत दुसऱ्यापेक्षा उंच करू न देण्याची शिस्त त्या काळी पाळली गेली, आणि शंभर वर्षांनी तिचं फळ दिसतं. या माणसाने मुंबईचा चेहरा इतका घडवला आणि १९२६ मध्ये इथेच त्याने डोळे मिटले. शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

बॅलार्ड पियरवर परदेशाहून येणाऱ्या बोटी लागत आणि प्रवासी तिथूनच आगगाडीत बसत. पंजाब मेल सुरुवातीला या पियरवरच्या स्टेशनातून सुटायची. गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतलेले गांधीजी १९३१ च्या डिसेंबरात इथे उतरले आणि आठवड्याभरात पुन्हा तुरुंगात गेले.

मराठी वाचकाने इथे एक नाव शोधावं: वालचंद हिराचंद. सोलापूरच्या या माणसाने नरोत्तम मोरारजी यांच्या साथीने सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. तिचं पहिलं जहाज 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. परदेशी जहाज कंपन्यांनी भाडी पाडून देशी कंपन्या बुडवण्याचे ते दिवस होते. ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. स्टेशनाकडून बॅलार्ड इस्टेटला येणाऱ्या रस्त्याला वालचंद हिराचंद यांचं नाव आहे, आतल्या एका रस्त्याला नरोत्तम मोरारजींचं. कंपनीचं सिंधिया हाउसही इथेच आहे.

जेवण इथेच उरका. १९२३ पासून चालू असलेलं ब्रिटानिया फक्त दुपारचं जेवण देतं. बेरी पुलाव आणि वरून कॅरॅमल कस्टर्ड. रांग असते, बाराला पोचा. शाकाहारी साधं जेवण हवं असेल तर फोर्टात परत पाच-दहा मिनिटं चाला, पुरीभाजी आणि थाळीची ठिकाणं स्टेशनाच्या समोरच्या गल्ल्यांत भरपूर आहेत.

गोदीच्या भिंतीच्या कडेने: टॅक्सी घ्या

बॅलार्ड इस्टेट ते भाऊचा धक्का हे अंतर तीन किलोमीटरांहून जास्त आहे आणि पी. डिमेलो रस्त्यावर अवजड ट्रक धावतात. हा टप्पा पायी करू नका. टॅक्सीत उजव्या बाजूला बसा. ग्रीन गेट, ऑरेंज गेट, यलो गेट अशी गोदीची रंगांची नावं असलेली दारं लागतात. डाव्या अंगाला कर्नाक बंदर, मशीद बंदर, वाडी बंदर ही नावं ऐकू येतात. आज तिथे पाणी नाही, पण किनारा पूर्वी कुठे होता ते या नावांनी राखून ठेवलंय. रस्त्याला नाव आहे ते पी. डिमेलो यांचं, गोदी कामगारांचे पुढारी.

याच भिंतीमागे व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला दुपारी 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, त्यासोबत कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला, आग विझेना, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासात दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसं मेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान होते. पळून जायची वेळ असूनही ते होजपाइप धरून उभे राहिले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या. आज जाऊन बघण्यासारखं तिथे काही उघडं नाही, म्हणूनच टॅक्सीतून जाताना सोबतच्या मुलांना हे सांगा.

भाऊचा धक्का

'भाऊ' म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. प्रवाशांना चिखलातून होडी गाठावी लागते हे पाहून एकोणिसाव्या शतकात त्यांनी धक्का बांधवला. आजची जागा आणि बांधकाम पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टचं आहे, नाव मात्र भाऊंचं टिकलं. कोकण रेल्वे नव्हती, एसटीच्या गाड्या वाडीवस्तीपर्यंत पोचत नव्हत्या, तेव्हा शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी बोटीने घरी जायचे. तुमच्या घरात कुणी कोकणातलं म्हातारं माणूस असेल तर इथे येण्याआधी त्यांना बोटीच्या प्रवासाबद्दल विचारा.

इथूनच १७ जुलै १९४७ च्या सकाळी 'रामदास' बोट रेवसला निघाली. गटारी अमावास्येचा दिवस, गावी जाणाऱ्यांची गर्दी. रेवसच्या अलीकडे खवळलेल्या समुद्रात ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक घरांत हा दिवस अजून विसरलेला नाही.

आज धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला आणि रेवसला लाँच जातात आणि मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट. भरती-ओहोटीच्या वेळा इथे उपयोगी पडतात: मोऱ्याला आणि रेवसला गाळ साचतो, मोठ्या ओहोटीला लाँच थांबतात. पाणी भरत असेल आणि हातात दोन-अडीच तास असतील तर मोऱ्याला जाऊन त्याच मार्गाने परत या. गेटवेची सहलीची बोट आणि ही लाँच यांत फरक आहे. इथे शेजारी भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कामावरून परतणारे लोक आणि सायकली असतात. परतीच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

लाँच नको असेल तर निदान धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जा. मासळीच्या बोटी इथेही लागतात, ससून डॉकचे सगळे शिष्टाचार इथेही लागू.

शेवटचा चढ: भंडारवाडा

धक्क्याहून डॉकयार्ड रोड स्टेशनपर्यंत टॅक्सीने या. स्टेशनाच्या डोक्यावरच भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्यावर पाण्याच्या टाकीवर केलेलं जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. माझगावचे काका बॅप्टिस्टा, टिळकांचे निकटचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर. ज्या गोद्यांच्या भिंती दिवसभर उजव्या हाताला होत्या त्या इथून वरून दिसतात: माझगाव डॉकच्या क्रेन, बांधणी चाललेली जहाजं, पलीकडे बंदराचं पाणी आणि उरणच्या टेकड्या. पालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, म्हणून चारनंतर पोचा. सूर्य तेव्हा पाठीशी असतो आणि समोरची गोदी स्पष्ट दिसते.

खाली उतरलात की हार्बर मार्गाची लोकल. सँडहर्स्ट रोड, मशीद, आणि तिसरं स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. पनवेलकडच्यांनी उलट्या दिशेची गाडी घ्यावी. संध्याकाळी सहानंतर त्या गाडीला उभं राहायलाही जागा मिळत नाही, तेव्हा साडेपाचच्या आत फलाटावर असा.